धसईच्या सावलीत व्हायोलेट

धसईच्या रानात भर उन्हाळ्यात सावली नसते. मुरबाड तालुक्याच्या या पट्ट्यात झाडांना तोटा नाही, पण साग, ऐन, मोह, पळस, सावर ही सगळी पानझडी. होळीच्या आगेमागे त्यांची पानं गळतात आणि ऊन सरळ जमिनीवर उतरतं, तेही नेमकं जमीन वर्षातली सर्वांत कोरडी असते तेव्हा. मोह आणि पळस वैशाखात पालवी धरतात, साग आणि ऐन मात्र पावसाची चाहूल लागेपर्यंत बरेचसे उघडेच राहतात. मग मृग लागतो, आणि जुलैत त्याच सागाखाली भर दुपारी अंधारून आल्यासारखं वाटतं. सावलीच्या बागेत व्हायोलेट लावायची हौस असेल तर सावलीचं हे वेळापत्रक आधी नीट समजून घ्यायला हवं. व्हायोलेटचं सगळं आयुष्य सावलीच्या येण्याजाण्यावर बेतलेलं असतं, आणि त्याच्या मुलखातली सावली आपल्या बरोबर उलट्या वेळी येते.

सुवासिक व्हायोलेट, शास्त्रीय नाव व्हायोला ओडोराटा, हे युरोप आणि पश्चिम आशियातलं वीतभरही न वाढणारं रोप. हृदयाच्या आकाराची पानं, जमिनीवर सरपटत जाणारे धुमारे आणि खाली मान घातलेली जांभळी फुलं. त्याचं घर म्हणजे ओक, बीच अशा पानझडी झाडांच्या रानाची कड. तिथे झाडं थंडीत उघडी होतात. मार्च-एप्रिलात बर्फ वितळून जमीन ओलीगार असते, वर फांद्या अजून रिकाम्या असतात, आणि त्या पाच-सात आठवड्यांच्या उन्हात व्हायोलेट फुलून घेतं. मे महिन्यात वरचं छत भरलं की त्याचा बहर संपतो. मग ते पानं मोठी करून मंद उजेडात उन्हाळा काढतं. म्हणजे तिकडे ऊन आणि ओल एकाच वेळी मिळते, तर इकडे ऊन असतं तेव्हा ओल नसते आणि ओल येते तेव्हा ऊन नसतं. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आभाळात ढगही नसतो.

म्हणून सुवासिक व्हायोलेटचं रोप हिमालयाकडच्या एखाद्या रोपवाटिकेतून मागवून इथल्या परसात लावलं, तर त्याचं काय होणार हे आधीच सांगता येतं. थंडीत ते खुशीत राहील, नवी पानंही काढील. पण फूल धरायला आणि बी रुजायला त्याला जो खरा गारठा लागतो, तो इथे पडत नाही. एप्रिलच्या कोरड्या झळांमध्ये पानांच्या मागे लाल कोळी धरेल, आणि त्यातून वाचलेलं जुलैच्या संततधारेत देठापाशी कुजेल. कुंडी उचलून इकडून तिकडे ठेवत एखादं वर्ष निभावून नेता येईल, पण त्याला बाग म्हणता येत नाही. भारतात व्हायोलेटची रानटी भावंडं आहेत ती हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरीसारख्या उंच, थंड डोंगरांवर. काष्ठौषधींच्या दुकानात खोकल्याच्या काढ्यासाठी जो बनफशा मिळतो, तोही थंड मुलखातूनच येतो.

एवढं असूनही धसईच्या आसपास व्हायोलेटच्या कुळातली एक वनस्पती आपसूक उगवते, आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. तिचं नाव रतनपुरुष. पावसाळ्याच्या उत्तरार्धात शेताच्या बांधावर, माळावरच्या गवतात, पायवाटेच्या कडेला ती सापडते. उंची वीत-दोन वीत, पानं अरुंद, आणि पानाच्या बगलेत एकेकटं फूल. हे फूल न तोडता, खाली बसून पाहावं. पाकळ्या पाच, पण चार इतक्या लहान की त्या नसल्यासारख्याच. पाचवी, खालची, एकटीच पसरट आणि गुलाबी-जांभळी, जणू फुलाने पुढे धरलेला पदर. व्हायोलेटच्या फुलातही खालची पाकळी हीच मुख्य असते. मधमाशी तिच्यावरच उतरते, पाकळीवरच्या गडद रेघा तिला आत नेतात आणि मागच्या शिंगासारख्या नळीत तिला मध मिळतो. रतनपुरुषात ती लांब नळी नाही, पाकळीच्या बुडाशी नुसता फुगवटा आहे. बाकीची ठेवण मात्र घराण्याचीच. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला नाव दिलं तेव्हा तिला सरळ व्हायोलाच म्हटलं होतं, व्हायोला एनिआस्पर्मा. पुढे अभ्यासकांनी तिची प्रजाती वेगळी केली, पण कुळ तेच राहिलं.

माणसांपेक्षा फुलपाखरांना हे नातं जास्त पक्कं ठाऊक आहे. टॉनी कॉस्टर नावाचं नारिंगी-तपकिरी, काळ्या ठिपक्यांचं, संथ उडणारं फुलपाखरू आपल्याकडे सगळीकडे दिसतं. त्याच्या मादीला अंडी घालायला दोन कुळं विशेष चालतात, एक कृष्णकमळाचं आणि दुसरं व्हायोलेटचं. रतनपुरुषाच्या पानांवर त्याच्या काटेरी अळ्या वाढतात. या फुलपाखराचं जुनं शास्त्रीय नाव ॲक्रिआ व्हायोली. बागेत रतनपुरुष असेल तर अळ्या येणारच, पानं कुरतडली जाणारच. ती कुरतडलेली पानं पाहून औषध मारायला धावू नये. झाड लहान असलं तरी चिवट आहे, पुन्हा फुटतं.

फळाची गंमत आणखी वेगळी आहे. रतनपुरुषाचं फळ मिऱ्याएवढं, गोलसर. पिकलं की तीन फाकांत उघडतं आणि तीन होड्या जोडून ठेवाव्यात तसं दिसतं. फाका वाळत आकसू लागल्या की त्यांच्यात दाबलेलं बी चिमटीतून सुटावं तसं लांब उडतं. व्हायोलेटच्या कितीतरी जातींचं फळही असंच उघडतं. उडालेल्या बियांचा पुढचा प्रवास मुंग्यांच्या हाती असतो. व्हायोलेटच्या बीला एका टोकाशी पांढुरका, तेलकट बोंडूस असतो. मुंग्या त्या खाऊसाठी बी वारुळात ओढून नेतात, बोंडूस खातात आणि टणक बी तिथेच भुसभुशीत मातीत टाकून देतात. सुवासिक व्हायोलेट तर बी उडवण्याच्या फंदातही पडत नाही, फळ जमिनीला टेकवतं आणि सगळं मुंग्यांवर सोपवतं. शिवाय उन्हाळ्यातल्या दाट सावलीत मधमाश्या येईनाशा झाल्या की ही झाडं दुसऱ्याच तऱ्हेची फुलं काढतात. ती कधीच उमलत नाहीत. पानांखाली बंद कळीतच त्यांचं परागण होतं आणि त्यांच्यातूनच भरपूर बी धरतं. वसंतात दिसणाऱ्या सुंदर फुलांपेक्षा या न दिसणाऱ्या फुलांवरच रोपाची पुढची पिढी जास्त अवलंबून असते.

रतनपुरुष पूर्ण सावलीतलं झाड नव्हे, त्याला सकाळचं ऊन हवं. तेव्हा बागेच्या कडेला, झाडाच्या छत्रीबाहेर त्याची जागा. मग आत, झाडाखाली काय लावायचं? माझं स्पष्ट मत असं की इथे व्हायोलेटचा नातेवाईक शोधू नये, व्हायोलेटचं काम करणारं झाड शोधावं. झाडांची पानं यायच्या आत जमिनीलगत जांभळं, सुवासिक फूल फुलवायचं आणि मग सावलीत पानं वाढवत बसायचं, हे ते काम. आपल्याकडे ते भुईचाफा करतो.

भुईचाफा हळदीच्या कुळातला, केम्फेरिया रोटुंडा. मार्च ते मे या महिन्यांत, वर एक पानही नसताना, कोरड्या मातीतून थेट फूल निघतं. पांढऱ्या लांबट पाकळ्या, मध्ये जांभळी दुभंगलेली जीभ, आणि सुगंध असा की तो शोधायला खाली वाकावं लागतं. एक फूल दिवसभर टिकतं, पण त्याच जागी दुसरं, तिसरं येत राहतं. इतक्या कोरड्या दिवसांत त्याला फुलायला बळ कुठून मिळतं, याचं उत्तर मातीत आहे. गड्ड्याच्या मुळांना गोल गाठी असतात आणि गेल्या पावसाळ्यात साठवलेलं पाणी न् अन्न त्यांत असतं. व्हायोलेटला वसंतात ओली जमीन मिळते, भुईचाफा आपली ओल वर्षभर आधी बांधून ठेवतो. वळवाचा पाऊस पडला की बहर वाढतो, रोहिणी सरता सरता पानं वर येतात. वरून चंदेरी-हिरवी नक्षी, खालून जांभळी. पुढचे चार-पाच महिने ती पानं सागाखालच्या मंद उजेडात आपलं काम करतात आणि दिवाळीनंतर पिवळी पडून नाहीशी होतात.

याच रीतीने चालणारी दुसरी वनस्पती या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे, ती म्हणजे शेवळं. मे संपता संपता, पान यायच्या आधी, सुरणाच्या या रानटी भावाचा फुलोरा जमिनीतून उभा राहतो आणि ठाकर, कातकरी बायका जुड्या बांधून त्या बाजारात आणतात. खाजरी म्हणून काकडांचा आंबट रस घालून शिजवायची, हे सांगायला नको. डिसेंबर २०१६ मध्ये रोकडविरहित गाव म्हणून धसईचं नाव देशभर छापून आलं, पण आसपासच्या गावांना ती त्याआधीपासून ठाऊक आहे ती बाजारपेठ म्हणून. त्या पहिल्या पावसाच्या आठवड्यात बाजारात एक चक्कर मारली तर सावलीत काय वाढतं याचा धडाच समोर मांडलेला दिसतो. शेवळं, कुलू, भारंगी, कोरलं, यांतलं बरंचसं झाडाखाली नाहीतर रानाच्या कडेला येणारं. बागेसाठी शेवळाचा एखादा कंद लावला तर भाजीही मिळते आणि पावसाळाभर छत्रीसारखं कातरलेलं पानही.

आता जमिनीकडे येऊ, कारण सावलीची बाग खरी जमते किंवा फसते ती तिथेच. या भागात पातेरा झाडाखाली राहत नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा असतो, त्यासाठी पातेरा गोळा होतो, कवळ तोडला जातो, शेणाबरोबर थर देऊन वाफ्यावर जाळला जातो. ती इथल्या शेतीची जुनी गरज आहे आणि तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण बागेपुरत्या चार पाट्या पातेरा झाडाखालीच राहू द्यावा. उघड्या झाडांतून उतरणाऱ्या एप्रिलच्या उन्हात तीन-चार बोटं जाडीचा पातेरा हीच कंदांची सावली असते. त्याखाली माती तापत नाही, मुंग्या आणि गांडुळं टिकतात, आणि पावसाचे टपोरे थेंब माती धुऊन नेत नाहीत. वणव्याची भीती असलेल्या जागी मात्र बागेभोवती चार हात पट्टा साफ ठेवावा. सागाचं पान मोठं आणि चिवट असतं, ते आख्खं पसरलं तर कोंब त्याखाली अडकतात. पायाखाली चुरून टाकावं.

झाड निवडताना आंब्याखालची जागा शक्यतो टाळावी. तिथली सावली बारमाही आणि दाट, आणि वरच्या वितीत मुळांचं जाळं. तिथे लावायचंच असेल तर खोडाभोवती मातीचा ढीग करू नये, खोड कुजतं. त्यापेक्षा छत्रीच्या कडेला, उतारावर, वीतभर उंच वाफा करावा. लाल मातीत शेणखत आणि थोडं भाताचं तूस मिसळलं की पाणी साचत नाही. जुलैत कंद कुजतो तो सावलीमुळे नव्हे, उभ्या पाण्यामुळे. घराच्या कडेला लावणार असाल तर पागोळ्यांची धार कुठे पडते ते आधी बघावं. त्या रेघेवर काहीच टिकत नाही, तिथे गोटे घालून झाडं हातभर आत घ्यावीत. भुईचाफ्याचे गड्डे दोन-तीन बोटं खोल, मे महिन्यात. दिवाळीनंतर पाणी बंद. थंडीत हिरवं काही दिसत नाही म्हणून पाणी घालत राहिलं तर गड्डा मातीतच सडतो.

पावसाळ्यातली जांभळी छटा हवी असेल तर रानहळद आहे. तिच्या कणसाच्या शेंड्याची गुलाबी-जांभळी पानं झाडाखालच्या अंधारातही उठून दिसतात. तेरडाही आहे, गौरींसाठी तो लागतोच, आणि त्याचं पिकलं फळही बोट लागताच फुटून बी उडवतं. तेरड्याचे रंग तीन दिवस म्हणतात, पण गर्दीने पेरला तर बहर गणपतीपासून घटस्थापनेपर्यंत पुरतो.

खऱ्या व्हायोलाचा हट्टच असेल तर एक वाट उरते, पॅन्सी. ही व्हायोलाचीच संकरित जात, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या बागांमध्ये घडलेली. आपल्याकडे ती हिवाळी पाहुणी म्हणून छान राहते. बी ऑक्टोबरात ट्रेमध्ये पेरावं आणि रुजेपर्यंत वर पुठ्ठा झाकावा, अंधारात ते चांगलं रुजतं. रोपं दिवाळीनंतर अशा जागी लावावीत जिथे सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल. मुरबाडकडच्या रात्री मुंबईपेक्षा बऱ्याच गार असतात, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं भरपूर येतात. सुकलेली फुलं खुडत राहावं आणि संध्याकाळी गोगलगायी वेचाव्यात. होळीला तिचा हंगाम संपतो, आणि तिला त्यापुढे ओढण्यात अर्थ नाही.

आफ्रिकन व्हायोलेटचं मात्र या घराण्याशी काहीच नातं नाही. कल्याण-बदलापूरच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी दिसणारी ही मखमली पानांची कुंडी मूळची टांझानियातल्या उसांबारा डोंगरांमधली. तिथे ती रानातल्या शेवाळलेल्या कातळांवर सावलीत वाढते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट पॉल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने ती जर्मनीला पाठवली आणि १८९३ मध्ये हेरमान वेंडलांट यांनी तिला त्याचं नाव देऊन सेंटपॉलिया केलं. तिच्या कुळातल्या वनस्पती सह्याद्रीतही आहेत. पावसाळ्यात घाटातल्या ठिबकत्या कपारींत, बेगोनियाच्या शेजारी, निळ्या फुलांचं ऱ्हिंकोग्लॉसम दिसतं, ते तिचं इथलं भावंड. या कुळाला कातळ, ओल आणि आडोसा लागतो, म्हणून आफ्रिकन व्हायोलेटलाही जमिनीत लावू नये. लहान कुंडी, कोकोपीटचं हलकं मिश्रण आणि पडवीतला उजेड तिला पुरे. पाणी बुडाकडून द्यावं, आणि ते गार नसावं, नाहीतर पानांवर डाग पडतात. देठासकट एक पान ओल्या कोकोपीटमध्ये खोचलं की महिना-दोन महिन्यांत बुडाशी पिल्लं फुटतात.

राहता राहिला सुगंध. व्हायोलेटचा वास नाकाला एकदा येतो, मग काही क्षण येईनासा होतो आणि पुन्हा येतो. त्यातलं आयोनोन हे द्रव्य वास ओळखणाऱ्या पेशींना थोडा वेळ बधिर करतं. फर्डिनांड टीमान आणि पाउल क्र्यूगर या जर्मन रसायनज्ञांनी १८९३ मध्येच आयोनोन प्रयोगशाळेत बनवलं आणि सुगंधी उद्योगाचं व्हायोलेटच्या फुलांवरचं अवलंबन संपत गेलं. ते बनवायला लागतं सिट्रल, आणि सिट्रल भरपूर असतं गवती चहाच्या तेलात, सुमारे तीन चतुर्थांश. भारतातलं गवती चहाचं तेल या कामासाठी कित्येक वर्षं परदेशी जात होतं. धसईच्या जवळजवळ प्रत्येक परसात मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या त्या गवतातून जगभरच्या अत्तरांचं व्हायोलेट निघालं आहे. मला या सगळ्या विषयात याहून विलक्षण गोष्ट सापडलेली नाही.

झाडं आणायची कुठून, याबद्दल एक आग्रह. भुईचाफा आणि रानहळदीचे गड्डे रोपवाटिकेत मिळतात, शेजाऱ्याच्या परसातूनही मिळतात. रानातून खणून आणू नयेत, आणि कपारीतली बेगोनिया किंवा ऱ्हिंकोग्लॉसम तर अजिबात उपटू नयेत, ती कुंडीत दोन आठवडेही काढत नाहीत. रतनपुरुषाचं बी बांधावरून घ्यायला हरकत नाही, पण ते हाती लागणं अवघड, कारण फळ उघडलं की उडून जातं. फळ हिरव्याचं पिवळसर झालं आणि देठावर ताठ उभं राहिलं की पातळ मलमलीची पुरचुंडी सैलसर बांधावी, दोन-तीन दिवसांत बी तिच्यात पडतं. अर्धी फळं झाडावर तशीच ठेवावीत, मुंग्यांसाठी. जमवलेलं बी कागदाच्या पुडीत कोरडं ठेवून जूनमध्ये वाफ्याच्या उन्हाकडच्या कडेला नुसतं विखरावं, वर माती चाळणीने भुरभुरावी, पुरू नये. आणि दिवाळीत भुईचाफ्याची पानं पिवळी पडू लागली की प्रत्येक गड्ड्याशी एक गोटा रोवून ठेवावा, म्हणजे पॅन्सीसाठी वाफा खणताना कुदळ त्यावर बसत नाही.